पिल्लू घरी येतंय! पण घर तयार आहे का?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी ऑफिसात हेडफोन लावून काम करतोय असं दाखवत असाल. सगळ्यांचं स्वागत.

आज गुरुवार. परवा, शनिवारी सकाळी ११ वाजता आमच्या घरी एक पिल्लू येणार आहे. देशी, तपकिरी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. वय १० आठवडे. ज्या ताईंनी त्याला आणि त्याच्या भावंडांना सांभाळलंय त्या रोज एक फोटो पाठवतात आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर तोच फोटो फिरत असतो.

तर आजचा विषय हाच. पिल्लू येण्याआधी घर कसं तयार करायचं. पण आधीच सांगते, कुठला बेड घ्यावा, कुठला पट्टा छान दिसतो, ही यादी आज नाहीये. ती तुम्हाला कुठेही मिळेल. आणि ती यादी पूर्ण करूनसुद्धा काय होऊ शकतं, ते मी एकदा बघितलंय.

चिकूची गोष्ट

दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात मी एक पिल्लू घरी आणलं होतं. चिकू. मैत्रिणीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातला हा. सात आठवड्यांचा असेल. आणायच्या आदल्या दिवशी मी साडेतीन हजारांची खरेदी केली. मऊ बेड, नाव लिहिलेलं भांडं, तीन खेळणी, गळ्यात बांधायचा लाल रुमाल. आजीने तिच्या जुन्या लुगड्याची छोटी गोधडी शिवून दिली.

साडेतीन हजारांतला एक रुपयाही लशीवर गेला नव्हता. 'आधी रुळू दे, मग पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेऊ' असं मी म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला खाली सोसायटीच्या बागेत नेलं, सगळ्यांना दाखवायला. सगळी पोरं जमली, फोटो काढले. तिथे रोज बाहेरची कुत्रीही येतात, हे मला माहीत होतं. त्याचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

नवव्या दिवशी त्याने खाणं सोडलं. मग उलट्या. रात्री रक्ताचे जुलाब. पार्व्हो. दोन दिवस सलाईन लावलं, पण नाही वाचला.

त्याला लागण बागेतच झाली की येतानाच तो ती घेऊन आला होता, हे आता कळायला मार्ग नाही. पण मी काय केलं नव्हतं ते मला स्वच्छ माहीत आहे. आजी तेव्हा एवढंच म्हणाली, "आता नको गं पुन्हा." आणि आम्हीही कुणी पुन्हा विषय काढला नाही.

म्हणून आजचा भाग. मला तेव्हा वाटायचं की घर तयार करणं म्हणजे पिल्लासाठी वस्तू आणणं. आता वाटतं, वस्तू आणणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम. मोठं काम आहे घरातून गोष्टी काढणं, माणसांचं वेळापत्रक बसवणं आणि डॉक्टर आधी शोधणं. एकेक घेऊ.

फोन जमिनीवर ठेवा

पहिली गोष्ट अगदी सोपी, आणि फुकट. फोनचा कॅमेरा चालू करा, फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर धरा आणि सगळ्या घरातून फिरवा. पलंगाखाली, टीव्हीमागे, कपाटाच्या फटीत, देव्हाऱ्याखाली, सगळीकडे. मग तो व्हिडिओ शांतपणे बघा. पिल्लाला तुमचं घर तसं दिसणार आहे.

मी केला. तीन खोल्यांचं घर, रोज झाडलेलं. तरी काय सापडलं ऐका. दिवाणाखाली आजीची बीपीची गोळी. कपाटाखाली डांबरगोळी. आईच्या शिलाई मशीनच्या पायाशी दोरा ओवलेली सुई. भावाच्या टेबलाखाली चार्जर, तो चालू ठेवलेला आणि वायर लोंबकळणारी. डास मारायच्या लिक्विडची रिफिल, खालच्या सॉकेटला. रबरबँड, केसांच्या पिना, एक मोजा.

यातलं प्रत्येक पिल्लाच्या तोंडात जाणार. ते खोडकर असतं म्हणून नाही. आपण वस्तू हातात घेऊन बघतो, त्याच्याकडे हात नाहीत, तोंड आहे. त्यात दुधाचे दात पडून पक्के दात यायचा काळ साधारण ४ ते ६ महिन्यांचा. तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते कुरतडलं जातं. २८ दुधाचे दात जाऊन ४२ पक्के दात यायचे असतात, थोडं समजून घ्या.

औषधांबद्दल एक वाक्य लक्षात ठेवा. आपली गोळी त्याला द्यायची नाही आणि सापडूही द्यायची नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या आपल्या रोजच्या गोळ्या कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात. 'अंग गरम लागतंय, अर्धी गोळी देऊ' हा उद्योग करू नका. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. हाताला ते गरमच लागणार.

मग आम्ही काय केलं? वायरी भिंतीला क्लिपांनी वर चढवल्या. रिफिल वरच्या सॉकेटला गेली. डांबरगोळ्या घराबाहेर. आजीचा औषधांचा डबा फ्रिजच्या वर. कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडणारं घट्ट झाकण. चपला कपाटात. शेवटची गोष्ट आमच्या घरात सगळ्यात अवघड गेली, खरं सांगते.

स्वयंपाकघर आणि प्रेमाचा घास

चॉकलेट कुत्र्यांना चालत नाही हे बहुतेकांना माहीत असतं. जितकं डार्क, तितकं वाईट. पण आपल्या घरांत चॉकलेटपेक्षा दुसऱ्या गोष्टी जास्त असतात.

मनुका, बेदाणे, द्राक्षं. यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. आता विचार करा मनुका कुठे कुठे असतात. प्रसादाच्या शिऱ्यात, चिवड्यात, पुलावात. 'प्रसादाला नाही कसं म्हणायचं' असं आजी म्हणाली, तर आम्ही तिला सांगितलं, त्याचा प्रसाद म्हणजे साखरफुटाण्याएवढा उकडलेल्या बटाट्याचा तुकडा. तिला पटलं.

कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, पावडर, सगळंच. रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने. म्हणजे आपली आमटी, भाजी, मटणाचा रस्सा, सगळं बाद. 'रश्श्यात पोळी कुस्करून दे' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, पण बंद करा.

शुगरफ्री च्युइंगम आणि गोळ्या. त्यात झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, त्याने कुत्र्याची साखर झपकन खाली येते. हे बॅगेतून जातं जास्त करून. म्हणून ऑफिसची बॅग जमिनीवर टाकायची नाही.

आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस. आतड्यात अडकू शकतात आणि मग बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. मे महिन्यात कोय, पावसाळ्यात कणीस, दोन्ही कचऱ्याच्या बंद डब्यात. शिजवलेली हाडंही नकोत, ती चिरफाळतात.

आणि दूध-पोळी. मला माहितीये, सगळ्यांच्या आजोबांचा कुत्रा दूध-पोळीवर १५ वर्षं जगला. पण आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि वाढत्या पिल्लाला जे प्रोटीन लागतं ते नुसत्या पोळीतून मिळत नाही. सुरुवातीचा आठवडाभर तरी पिल्लू जिथून येतंय तिथलंच खाणं ठेवा. बदलायचं असेल तर रोज थोडं थोडं नवीन मिसळत, आठवडाभरात. या वयात दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं.

चुकून काही पोटात गेलंच तर? मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, मिठानेच विषबाधा होऊ शकते. पाकिटाचा फोटो काढा, किती गेलं असेल आणि किती वाजता गेलं ते लिहा आणि तसंच डॉक्टरला फोन लावा.

बाल्कनी आणि फरशी

बाल्कनीच्या गजांमधलं अंतर मोजा. साधा नियम. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अंगही जातं. आमच्याकडे कबुतरांची जाळी लावलेली आहे, पण ती नायलॉनची, दोन दिवसांत चावून भोक पडेल. म्हणून खालच्या दोन फुटांना आम्ही तारेची जाळी बांधून घेतली.

कुंड्यांकडे बघा. कण्हेर, पांढरी असो की पिवळी, हृदयावर घात करते. ती दारात असेल तर हलवाच. सायकसची पाम, जी आजकाल प्रत्येक लॉबीत असते, ती यकृत खराब करते. डिफेनबॅकिया आणि मनी प्लँट चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते. हे सगळं वर टांगा किंवा कुणाला तरी देऊन टाका. तुळस राहू दे, तिचं काही नाही. माती उकरेल तेवढीच.

फरशी. आपल्या चकचकीत टाइल्सवर पिल्लू घसरतं, पाय फाकतात. वाढीच्या वयात सांध्यांवर त्याचा ताण येतो. आम्ही जुन्या योगा मॅट कापून त्याची वाट बनवली आहे, हॉलमधून बाल्कनीपर्यंत. दिसायला भयंकर आहे. आईने पाहुण्यांना सांगायला कारण तयार ठेवलंय.

फिनाइलने जात नाही ते

आता तो भाग, ज्याच्यासाठी मी आज खरं तर बसलेय. थोडं नीट ऐका.

पार्व्होचा विषाणू आजारी पिल्लाच्या शीतून बाहेर पडतो, आणि तो चिवट आहे. घरात काही महिने, बाहेर सावलीच्या ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकू शकतो. तो चपलेला लागून घरात येतो. म्हणजे पिल्लू खाली नेलं नाही तरी तुम्ही खालून येताच ना.

चिकू गेल्यावर आम्ही तीनदा फिनाइलने घर पुसलं. आम्हाला वाटलं, झालं. मग आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की साध्या फिनाइलने हा विषाणू मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. आधी साबणाने घाण स्वच्छ काढायची, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग ते पाणी लावून पूर्ण १० मिनिटं ओलं ठेवायचं. मग साध्या पाण्याने धुवायचं, खिडक्या उघड्या ठेवून.

आणि महत्त्वाचं. ब्लीच टॉयलेट क्लीनरबरोबर किंवा व्हिनेगरबरोबर कधीही मिसळायचं नाही. विषारी वायू होतो, आणि मग कुत्र्याआधी तुम्हीच दवाखान्यात.

ज्या वस्तूंना ब्लीच लावता येत नाही, जाड कापूस, स्पंज, गादी, त्या टाकून द्याव्या लागतात. बेड गेला, खेळणी गेली. आजीची गोधडीही गेली. ती पिशवीत भरून मीच टाकून आले.

तुमच्या घरात आधी कुठलं पिल्लू असं गेलं असेल, तर दुसरं लगेच आणू नका. दुःख कमी होईल म्हणून माणसं आठवड्यात दुसरं आणतात, आणि तेही त्याच रोगाने जातं. डॉक्टरांना विचारून थांबा, आणि येणाऱ्याच्या लशी झालेल्या असू द्या. आम्ही दीड वर्ष थांबलो. त्यातलं थोडं विषाणूसाठी होतं, थोडं आमच्यासाठी.

डॉक्टर आधी, पिल्लू नंतर

म्हणून या वेळी मी पहिली भेट दवाखान्याला दिली, पिल्लाशिवाय. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, "पेशंट कुठाय?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतोय.

काय विचारून आले ते सांगते, तुम्हीही विचारा. रात्री फोन कोण उचलतं? रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कुठला? दोन वाजता कुत्र्याला घ्यायला तयार होईल असा कोण रिक्षावाला किंवा शेजारी आहे? हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. चिकूच्या वेळी तीन कॅब कॅन्सल झाल्या होत्या.

आता लशी. साधारण ६ ते ८ आठवड्यांना पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. यात पार्व्हो, डिस्टेंपर आणि बहुतेक वेळा लेप्टोही असतो. लेप्टो उंदरांच्या लघवीतून पसरतो, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात तो महत्त्वाचा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. जंताचं औषध लहानपणी वारंवार. आणि गोचिडांवर काय वापरायचं ते विचारूनच, कारण मोठ्या कुत्र्याचं औषध पिल्लाला चालेलच असं नाही.

इतके डोस कशाला, एक पुरत नाही का? मलाही हा प्रश्न होता. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती मिळते. ती रोगाला अडवते, पण लशीलाही अडवते. आणि ती नेमकी कितव्या आठवड्यात संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून लस पुन्हापुन्हा द्यायची, म्हणजे एखादी तरी बरोबर वेळेला लागू पडेल. 'एक लस झालीय' म्हणजे 'आता सेफ आहे' असं नाही.

सगळे डोस होऊन एक-दोन आठवडे जाईपर्यंत, जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, घरात कोंडूनही ठेवायचं नाही. साधारण ३ ते १४ आठवडे हे वय जग ओळखायचं असतं. या काळात ज्या गोष्टी शांतपणे बघितल्या त्यांची पुढे भीती कमी वाटते. मग काय करायचं? कडेवर घेऊन जायचं. गेटवर उभं राहा. रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, दाढीवाले काका, सगळं दाखवा, लांबून, मजेत. पाय जमिनीला लावायचे नाहीत एवढंच. चिकूला मी बागेत नेलं यात त्याला माणसं दाखवली ही चूक नव्हती. त्याला खाली ठेवलं, ती होती.

त्याचा कोपरा

पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं. तेवढं झोपलं नाही तर चिडचिड करतं, चावतं. म्हणून त्याला एक जागा हवी, जिथे कुणी त्याला उचलणार नाही. आम्ही हॉलचा एक कोपरा घेतलाय, पंख्याची हवा येते पण दार समोर नाही असा. तिथे एक पिंजरा, दार उघडं ठेवलेला. आजी पहिल्यांदा चिडली, "कुत्र्याला पिंजऱ्यात?" मग तिला सांगितलं, ही त्याची खोली. कोंडायला नाही, शिक्षेला तर अजिबात नाही. आत खाणं मिळतं, आत मऊ आहे, तो आपणहून जाईल.

पहिल्या दोन-चार रात्री पिल्लू रडतं. रडणारच, आजवर ते भावंडांच्या ढिगात झोपलंय. त्याला वेगळ्या खोलीत बंद करून 'रडून रडून गप्प बसेल' असं करू नका. तुमच्या पलंगाशेजारी झोपवा, हात खाली सोडा. रुळलं की हळूहळू जागा त्याच्या कोपऱ्याकडे सरकवा.

एक छोटी युक्ती त्या ताईंनीच सांगितली. आपल्या घरातलं एक जुनं कापड आधी तिकडे पाठवायचं, पिल्लं त्यावर झोपतात, त्याला त्यांचा वास लागतो. मग पिल्लाबरोबर तेच कापड घरी आणायचं. मी माझा जुना टी-शर्ट पिशवीत भरत होते. आजी आतून आली आणि तिने लुगड्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. "सुती आहे, हे ने," म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

शी-शू आणि घरातली मीटिंग

दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास दम धरू शकतं. त्याला जायचं असतं ते झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर. या तीन वेळा उचलून ठरलेल्या जागी न्या. आमची जागा बाल्कनीतला ट्रे, त्यावर वर्तमानपत्र. तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी. चुकून हॉलमध्ये केलं तर पुसून टाका, बास. नाक घासणं, ओरडणं, मारणं यातून ते एवढंच शिकतं की या माणसासमोर करायचं नाही. मग सोफ्यामागे करतं.

हे सगळं करणार कोण? म्हणून गेल्या रविवारी आमच्या घरी मीटिंग झाली, चहा घेऊन. फ्रिजवर कागद लागलाय. सकाळी सहाची फेरी माझी. दुपारचं खाणं आईचं, कारण ती घरी असते, पण तिला आधी विचारून लिहिलंय, गृहीत धरून नाही. संध्याकाळ भावाची. आजीकडे कुठलंच काम नाही, फक्त एक नियम, ताटातलं द्यायचं नाही. तिने तो "बघू" म्हणून मान्य केलाय.

शब्दही ठरवले. एकाने 'बस', दुसऱ्याने 'सिट', तिसऱ्याने 'खाली बस रे' म्हटलं तर पिल्लाने काय करायचं? आमचं ठरलंय, मराठीतच बोलायचं. बस, ये, सोड, थांब.

सुट्टीचं गणित सांगते. दोन दिवस रजा घ्यायची, २४ तास त्याला कुशीत घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी नऊ तास गायब, असं नका करू. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं एकटं ठेवायची सवय लावा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, दुसऱ्या खोलीत जाऊन परत. तुम्ही एकटे राहत असाल आणि ऑफिस रोज दहा तासांचं असेल, तर खरंच विचार करा. मोठं झालेलं, शांत कुत्रं दत्तक घेणं तुम्हाला जास्त जमेल. त्यात कमीपणा काही नाही.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाशी आधी बोला आणि लेखी घ्या. 'लपवून ठेवू' हे जमत नाही, ते भुंकतं. सोसायटीचं म्हणाल तर पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५ मध्येच कळवलेलं आहे. पण कागद दाखवून भांडण्याआधी शेजाऱ्यांकडे पेढे घेऊन जा. मी गेले होते. समोरच्या काकूंना कुत्र्यांची भीती वाटते, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. आता ठरलंय, लिफ्टमध्ये त्या असतील तर आम्ही थांबायचं. महापालिकेचा परवानाही काढा, रेबीजच्या लशीचा दाखला त्याला लागतो.

विकत घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. 'लहान आहे तोवर घ्या, लळा लागेल' असं कुणी म्हणत असेल तर तिथून निघा.

शनिवारी

तर शनिवारी काय करणार? फार काही नाही, मुद्दामच. पाहुणे नाहीत, केक नाही, रील नाही. घरात आलं की आधी बाल्कनीत, मग पाणी, मग त्याचं त्याला हुंगू द्यायचं. आम्ही सगळे जमिनीवर बसणार, ते येईल तेव्हा येईल. सोमवारी डॉक्टर, दुसरा डोस कधी ते ठरवायला. चपला दाराबाहेर, येणाऱ्या प्रत्येकाच्या. तशी पाटीच लावलीये.

नाव अजून ठरलेलं नाही. भावाची यादी आहे, आईची आहे. आजी म्हणते, आधी येऊ दे, दिसू दे, मग ठेवू.

भीती वाटतेय का मला? हो, वाटतेय. सगळं करूनही काही होऊ शकतं, हे मला माहीत आहे. पण या वेळी जे माझ्या हातात होतं ते मी केलंय.

तुम्ही आणायच्या विचारात असाल तर आज एवढंच करा. घरी पोचलात की फोन वीतभर उंचीवर धरून घरभर फिरवा आणि काय काय सापडलं ते मला पाठवा. आमच्या सुईपेक्षा भारी काही निघालं तर पुढच्या भागात वाचून दाखवेन.

चला, भेटू. काळजी घ्या, आणि चपला वर ठेवा!